दिव्याची फळी

लाउस्टनं मीटर टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवला, तेव्हा डाग्नी राईचं पीठ मळत होती. तिनं पीठच आपटलं.

शनिवारी जुन्या रेडिओंच्या हौशी मंडळाचा माणूस दुरुस्तीचं सगळं सामान नेणार होता. लाउस्टच्या डोळ्यांना मीटरचा काटा दिसेनासा झाला होता. रेडिओ दुरुस्ती सुटल्यापासून तो खिडकीशी नुसता बसून राही. डाग्नीला ते बघवत नव्हतं, पण विनवण्या करणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं माळ्यावरून तिच्या बापाचा मुका रेडिओ उतरवला आणि नवऱ्यापुढे आदळला.

“सामान जायच्या आत एवढा कर.”

“आणि काटा कोण वाचणार? तुझी कोंबडी?”

“मी वाचीन. शाळा सुटली म्हणून आकडे सुटले नाहीत माझे.”

तो पुटपुटला, पण हात दिव्याच्या फळीकडे गेलाच. वर्षानुवर्षं बंद पडलेला रेडिओ तो कधीच थेट विजेला जोडत नसे. मध्ये फळीवरचा दिवा ठेवायचा. दिवा भडकून तसाच राहिला तर रेडिओ आतून जळलेला. भडकून मंदावला तर जीव आहे. एवढा उजेड त्याला अजून कळत होता.

दिवा लागला आणि लख्खच राहिला.

“गेला गं,” लाउस्ट हळूच म्हणाला. “फळीही टाक खोक्यात.”

बटण बंद करून त्यानं सवयीनं फडक्यानं दिवा धरला. मग फडकं काढलं. “हा गार कसा?”

 हिवाळ्यात डाग्नीनं घरभर नवे एलईडी दिवे लावले होते. फळीही सोडली नव्हती.

“अगं, हा थेंबभर विजेवरही लख्ख पेटतो! हा काय खरं सांगणार?”

“तुझ्या दिव्याला साक्ष द्यावी लागते, हे मला काय ठाऊक!”

जुना तारेचा दिवा घरात एकच उरला होता, पिल्लांच्या खोक्यात, त्यांना ऊब द्यायला. तिनं पिल्लं ओच्यात घेतली आणि दिवा आणून दिला.

दिवा भडकला. मग डुलकी लागावी तसा हळूहळू मंदावला.  लाउस्टनं वीज बंद केली, टॉवेल सोडला, मीटरचे चिमटे चाचपून लावले आणि पुन्हा बटण दाबलं.

“काटा?”

“दीडशेच्या जरा पुढे. थांब, पिल्लू टोचतंय... हलला! चढतोय.”

“चढू दे,” तो म्हणाला, आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली.

शनिवारी मंडळाचा माणूस आला, तेव्हा डाग्नी दारातच उभी होती.

“खोकं रिकामं आहे. कॉफी पिऊन जा. आणि तुमच्याकडे तारेचे दिवे असतील तर एखादा पाठवा. माझी पिल्लं गारठलीत.”