जुन्या शाळेची भिंत

गावसमितीच्या मेरिगनं पर्यटकांसाठी काढलेल्या नव्या पत्रकात आमचं पोर्थ हेलिग काय गोड दिसतं म्हणून सांगू. पाटीचा दगड नेणाऱ्या जहाजांचा इतिहास, जुना धक्का, खडकांवरचे सील, आणि शेवटी ठळक अक्षरांत 'रंगीत घरांची रांग'. ही रांग अजून व्हायचीच होती. त्यासाठी त्या दिवशी परांची बांधून माणसं जुन्या शाळेची भिंत निळी करत होती.

ती भिंत जहाजांच्या काळापासून पांढरी. समुद्रावरून येताना चर्चचा मनोरा बरोबर तिच्या डोक्यावर दिसला, की बोट 'गाय' आणि 'वासरू' या दोन खडकांमधून नीट आत येते. आता सगळे बोटीतल्या पडद्यावरचा नकाशा बघून येतात. माझा नवरा इथेलही तसाच येतो, असं गाव समजतं. इथेलला पडदा दिसत नाही. जवळचं सगळं धुरकट झालंय. लांबचं, मोठं, पांढरं तेवढं कळतं. हे फक्त मला माहीत.

"कुणाला बोललीस तर बोट जाईल," तो म्हणाला होता. "मग मी काय खिडकीत बसून तुझी लोकर गुंडाळू?"

मी गप्प बसले. रोज तो येईपर्यंत माझा जीव टांगणीला. आणि आज तो निघाला तेव्हा भिंत पांढरी होती.

"मेरिग, आजच्या दिवस थांबव हे," मी म्हटलं.

"का गं एलुनेड? सभेत तर काही बोलली नाहीस."

"वसंतात करणार म्हणाला होतास."

"रंगारी आज मोकळे होते. आणि परवा फोटोवाला येतोय. छान दिसतंय की."

डोंबलाचं छान. दुपार कलली, ढग खाली उतरले. मी धक्क्यावर जात होते, परत येत होते. घरी किटली ठेवली, ती तशीच सोडून पुन्हा धक्क्यावर आले. रेडिओवर त्याला सांगणार तरी काय? सगळं बंदर ऐकतं. आणि सांगून भिंत थोडीच पांढरी होणार होती.

मग वासराच्या पलीकडे त्याची बोट दिसली. तोंड आत वळवलं, परत बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

"इथेलनं आज चढवलीय वाटतं," परांचीवरून कुणीतरी हसलं.

माझ्याच्यानं राहवेना. "त्याला दिसत नाही रे," मी मेरिगवर ओरडले. "दोन वर्षं झाली. ती भिंत तेवढी दिसायची, ती तू पुसलीस."

 धावला मेरिगच. चर्चच्या चहापानाचे लांबलचक पांढरे टेबलक्लॉथ घेऊन आला, परांचीवरून खाली सोडले, आणि रंगाऱ्यांनी ते वाऱ्यात घट्ट धरून ठेवले. रंग ओला होता, सगळ्यांचे हात-कपडे माखले. बोट थांबली. जराशी डावीकडे सरकली आणि दोन्ही खडकांच्या मधून सरळ आत आली.

धक्क्याची शिडी चढताना इथेलला आजवर कुणी हात दिला नव्हता. त्यानं घेतलाही नसता. त्या दिवशी मी हात दिला, आणि माझ्या शेजारून मेरिगनंही.

"जपून हं, वरची पायरी निसरडी आहे," मेरिग म्हणाला, आजाऱ्याशी बोलावं तसा.

इथेल शिडीवरच थांबला.

"कोण बोललं यांना?"

"मी," मी म्हटलं.

 तो मेरिगचा हात धरून वर आला आणि माझ्या अंगावरून पुढे निघून गेला.