पिवळी ओळ

धाकट्याचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. रुग्णालयातला औषधांचा तक्ता संगणकावर आणला तो त्याने, आणि त्याच तक्त्यावर तिथेच नर्स असलेल्या सख्ख्या बहिणीने खापर फोडावं? काल ताईने बारा नंबरच्या पेशंटला दुप्पट डोस दिला, बिचाऱ्याला चक्कर आली, आणि ही बया म्हणते, "तक्त्यानेच फसवलं." आता मेट्रनबाई तिला कामावरून काढायला निघाल्या होत्या.

"तक्ता कसा फसवेल?" मेट्रनच्या खोलीत तो ताईवरच कडाडला. "माउस नावावर नेला की नाव पिवळं होतं, समोरचा डोस पिवळा होतो. तीस खाटांत नजर चुकू नये म्हणून तर केलं ते! आणखी काय, हात धरून वाचून दाखवायचं होतं?"

ताई काही बोलणार, तोच तो मेट्रनकडे वळला.

"तुम्हीच बघा," म्हणत त्याने मेट्रनचा माउस जवळजवळ हिसकावला आणि बाण बारा नंबरच्या नावावर नेला. नाव पिवळं झालं. पार उजव्या टोकाला डोसही पिवळा झाला. अकरा नंबरचा.

बाण तेरावर नेला. बाराचा डोस पिवळा झाला.

नावांचा तक्ता वेगळा, डोसांचा वेगळा, शेजारीशेजारी लावलेले. कुठली ओळ रंगवायची हे त्याने वरून मोजून ठरवलं होतं, मथळ्यासकट. परवा घरी निघता निघता डोसांच्या मथळ्याखाली त्याने वेळांची एक जादा ओळ घातली होती, आणि मोजणी एका ओळीने चुकली होती. पाच मिनिटांचं काम. माउस फिरवून बघायचीही तसदी घेतली नव्हती.

"तूच म्हणालास ना," ताई उसळून म्हणाली, "बाकी काही बघू नकोस, पिवळं दिसेल ते वाच? कालपासून ओरडतोयस माझ्यावर. एकदा तरी विचारलंस, मी काय वाचलं ते?"

"मेट्रनबाई, चूक हिची नाही," तो कसाबसा म्हणाला. "माझी आहे."

पण ताईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. दहा वाजून गेले होते.

"अरे, दहाची औषधं वाटतायत खाली!" म्हणत ती धावत सुटली. तिच्यामागे तो जिन्यावरून ओरडत उतरला, "पिवळं वाचू नका! कुणीही पिवळं वाचू नका!"