पास केलेली पावडर

उज्वलाचं काम सांगायला सोपं, पण करणाऱ्याचा जीव विटून जावा असं. मोबाइलवर झळकण्याआधी मराठी जाहिराती तिच्यासमोर यायच्या. बरी वाटली तर पास, खोटी वाटली तर नापास. टकलांना झुलपं फुटायची, घरबसल्या लोक लखपती व्हायचे, आणि त्यातलं खरंखोटं तिनं चहा गार होण्याआधी ठरवायचं. फसवणारे भारी बेरकी. तपासणाऱ्यांना साजूक पान दाखवायचे आणि पास झालं की गिऱ्हाइकाला भलतंच. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! संध्याकाळी नाशिकच्या खोलीवर परतली की डोळे चुरचुरायचे आणि दूधवाल्याचंसुद्धा काही खरं वाटायचं नाही.

शनिवारी देवळ्याहून धाकट्या भावाचा, वाल्मीकचा फोन आला. "ताई, आईनं साखरेच्या गोळ्या बंद केल्यात. अंगठ्याची जखम भरत नाय. असंच चाललं तर अंगठा काढावा लागंल, म्हणले डॉक्टर. माझं ऐकतच नाय ती."

रविवारी मनसोक्त झोपायचं उज्वलानं ठरवलं होतं. झोप राहिली बाजूला, तिनं सकाळचीच एसटी धरली.

लंकाबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती, अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. शेजारच्या सरुबाई गप्पांना होत्याच.

"आई, गोळ्या कुठायत?"

"त्यांचं काय काम आता?" लंकाबाईनं डबा पुढं केला. जांभळाच्या बियांची पावडर. "ही घ्या नि गोळ्या फेकून द्या, असं फोनवर सांगितलंय."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"का नाय वाटणार? आपली उज्वला तिथं बसलेली हाय ना! कांदाचाळीत माल भरताना आपण एकेक कांदा हातातून काढतो का नाय? सडका बाहेर, चांगला आत. चाळीत गेला तो निवडलेलाच. तसं फोनात आलं ते तुझ्या हातातूनच आलेलं."

"मीबी मागवली," सरुबाई म्हणाल्या. "मला साखर नाय, गुडघा दुखतो. पण उज्वलानं पास केलेली, म्हणलं गुण येईलच."

उज्वलानं डबा फिरवून पाहिला. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात जांभळांची पाटी घेऊन हसणारी म्हातारी. हीच म्हातारी तिनं जाहिरातीत पाहिली होती. गोळ्या सोडा असं तेव्हा कुठंच लिहिलेलं नव्हतं. म्हातारी आईसारखी दिसली, डोळे मिटत आले होते, आणि तिनं जाहिरात पास करून टाकली होती.

ही मी पाहिलीच नाही, असं ठोकून दिलं असतं तर काम तिथंच झालं असतं. पण रोज खोटंच बघून ती विटली होती. आईशी तरी खोटं नको, असं तिला वाटलं.

"आई, ही मीच पास केली."

लंकाबाईचा चेहरा फुलला. "ऐकलंस का सरू? मी काय म्हणत व्हते!"

"अगं, चूक झाली माझी! मला वेगळंच दाखवलं त्यांनी. फसले मी."

"तू? इतकी शिकलेली तू कशाची फसतीस?" लंकाबाई हसली.

उज्वलाला रडूच फुटलं. "अंगठा जाईल आई तुझा. माझ्यामुळं जाईल."

लंकाबाईचं हसू विरलं. लेकीला असं रडताना तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सरुबाई पाणी आणायला आत गेल्या. लंकाबाईनं पाठीमागच्या उशीखालून गोळ्यांचं पाकीट काढलं, तांब्या आल्यावर एक गोळी गिळली आणि पदरानं लेकीचे डोळे पुसले.

"घेतली बघ. आता रोज घेईन." मग तिनं आवाज खाली आणला. "पण तू फसलीस हे बाहेर बोलू नको, बाई. साऱ्या गल्लीला सांगून बसलेय मी, उज्वला बघून देते म्हणून."

"साऱ्या गल्लीला?"

लंकाबाईनं पलीकडच्या दाराकडं बोट केलं.

उज्वलाला तिथंच ओट्यावर आडवं व्हावंसं वाटत होतं. ती उठली, चपला पायात सरकवल्या आणि पलीकडच्या दाराची कडी वाजवली. दार उघडलं ते विठाबाईनं, हातात तोच डबा, तोंडभर हसू.

"ये गं माय! तुझीच पावडर घेत व्हते."