लिहून झालं

पडद्यावर ‘लिहून झालं’ अशी अक्षरं उमटली आणि तिने त्याच क्षणी डिस्कची वायर उपटली.

“अहो बाई, लिहिलंय म्हणतेय ना ती? मग तिलाच वाचून दाखवायला सांगा की,” साहेब म्हणाले. त्यांना ही नवी डिस्क लवकर बाजारात आणायची होती.

“तिला विचारलं तर तात्पुरत्या मेमरीतलं घडाघडा म्हणून दाखवेल, साहेब. तबकडीवर खरंच काय उतरलंय, ते वीज गेल्यावर कळतं.”

तिने वायर पुन्हा जोडली. फाइल अर्धीच निघाली. उचलली जीभ लावली टाळ्याला, डिस्क काम संपायच्या आधीच झालं म्हणून मोकळी झाली होती. ‘नापास’ असा शेरा मारून ती उठली. चाचणी विभागात तिला ‘संशयी आत्या’ म्हणत आणि तिला त्याचा अभिमानच होता.

डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलावणं येईना, म्हणून दुपारी ती वडिलांना घेऊन स्वतःच गेली. ऑपरेशनसाठी त्यांचं नाव नोंदवायचं काम नवऱ्याने उन्हाळ्यातच अंगावर घेतलं होतं. ती अधूनमधून विचारायची, तो मोबाइलवरून मान न उचलता म्हणायचा, “हो गं, नोंदवलंय. बोलावतील.”

खिडकीवरच्या बाईने दोनदा शोधलं. नाव कुठेच नव्हतं.

डॉक्टरांनी बराच वेळ डोळे तपासले. “काचबिंदू कुणासाठी थांबत नाही. डावी नजर गेली, ती आता यायची नाही. उजवी वाचवू.”

बाहेर बाकावर बसताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याला लावायला तिने फोन काढला. फोन काढून घ्यायला वडिलांनी हात पुढे केला, पण हात फोनच्या वीतभर बाजूला गेला.

“राहू दे.”

“बाबा, यानं नावच नोंदवलं नव्हतं.”

“माहीत आहे मला. मागेच फोन करून विचारलं होतं इथे.”

“मग स्वतः का नाही नोंदवलंत?”

“जावयाच्या घरी राहून जावयाला खोटं पाडू?”

“निदान मला तरी सांगायचं.”

ते चष्मा पुसत राहिले.

“तुला सांगितलं असतं तर तू त्याला विचारलं असतंस. तो पुन्हा हो म्हणाला असता. आणि मग तू मला समजावलं असतंस, की बाबा, तुमचाच काहीतरी घोटाळा होतोय.”