चापटीवर चालू झालेला कॉम्प्युटर

आधीच सांगून ठेवतो, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आमच्या हिने तर लग्न झाल्यापासून माझ्या कशावरच ठेवलेला नाही, तेव्हा तिचं मत धरू नका. पण तुम्ही सगळे आत्ता ज्या गोल लोखंडी जिन्याखाली चहाचे कप घेऊन उभे आहात ना, तो माझ्या या उजव्या हातामुळे उभा आहे. हसू नका, वेल्डरदादा. तुम्ही नुसता जोडलात.

आमची सूनबाई घरांचे नकाशे काढते. मोठ्या साहेबांच्या ऑफिसातली नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं आणि पहिलंच काम मिळालं ते या डॉक्टरीणबाईंच्या जिन्याचं. निरोप देताना साहेब म्हणाले होते, "महिन्याभरात परत याल." सूनबाई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा समोरच्याने जपून असावं, एवढं आमचा मुलगा आता शिकलाय.

आणि ज्या दुपारी हे वेल्डरदादा नकाशा न्यायला येणार, नेमका त्याच सकाळी तिचा कॉम्प्युटर उठेना. ऑल-इन-वन म्हणतात तसला. पडदा, डोकं, पोट सगळं एकाच पाटीत. दिसायला थेट टीव्ही. बटण दाबलं की दिवा लागे, आत पंखा घरघरे, पण पडदा काळा ठिक्कर.

आता मी जन्मभर टीव्ही दुरुस्त केलेला माणूस. म्हटलं, "हो बाजूला, मी बघतो."

"बाबा, हात लावायचा नाही."

हात कोण लावतंय? आदल्या संध्याकाळी ती बाहेर गेली असताना मी त्यावर पत्ते खेळत होतो आणि ऐन रंगात पत्ते गोठले, तेव्हा त्याच्या पाठीवरून जरा हात फिरवला होता, एवढंच. मायेने. वासराच्या पाठीवरून फिरवतात तसा. त्याचा इथे काही संबंध नाही, म्हणून तो विषय सोडू.

दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. ते म्हणाले, "आणून ठेवा, पुढच्या आठवड्यात बघतो." पेन ड्राइव्हवर नकाशा होता, पण जुना. त्यात वळणावर तुळई आडवी येत होती. डॉक्टरीणबाई पडल्या उंच. रोज सकाळी तुळईची आणि त्यांच्या कपाळाची गाठ पडली असती. सुधारलेला नकाशा त्या काळ्या पाटीच्या पोटात. आणि हे दादा फोनवर काय म्हणाले, आठवतंय का? "ताई, दुपारी नकाशा नसेल तर मी साहेबांच्या कामावर जातो. लोखंड थांबेल, माझी माणसं थांबायची नाहीत."

सूनबाईने केस वर बांधले. म्हणाली, "एकेक करून बघू. आंधळी कोशिंबीर नको."

आधी टॉर्च. पडद्यामागचा उजेड गेला असेल तर तिरक्या टॉर्चमध्ये चित्र अंधुक तरी दिसतं म्हणे. मी असा टॉर्च मारला की उजेड आरपार गेला आणि मागच्या भिंतीवर मला कॉम्प्युटरची हाडं दिसली! चित्र मात्र नव्हतं.

मग तिने प्रिंटर, माउस, पेन ड्राइव्ह, सगळं उपटलं. शेवटी विजेची वायरही. "बाबा, आता बटण दाबून धरा. आत साठलेली वीज उतरू दे."

दाबलं. काय सांगू! ती वीज बोटातून शिरली ती थेट कोपरापर्यंत. शेजारच्या काकूंचा मिक्सर आपोआप फिरला. माझ्या मनगटावरचं बंद घड्याळ सुरू झालं, तेही उलटं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तरुण होत चाललो होतो. विचारा हवं तर हिला.

"विचारू नका," ही म्हणते. बघा, लाजली.

वायर लावली. पडदा काळा तो काळाच. तेव्हा हीच म्हणाली होती, "राहू दे गं, जुना नकाशा दे. वळणावर जरा वाकून चढतील."

"आई," सूनबाई म्हणाली, "माझ्या जिन्यावर कोणी वाकणार नाही."

तिने वायर पुन्हा काढली, पलंगावर उशी ठेवली, कॉम्प्युटर तोंडावर झोपवला, स्क्रू काढले आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने कडेकडेने पाठ उचकटली. आत मेमरीची हिरवी पट्टी. तिचं एक टोक वर आलेलं.

"ही निसटलीय," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छत खरंच रंगवायला झालं होतं.

तिने पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, कण फुंकले आणि दोन्ही बाजूंनी टक्‌ वाजेपर्यंत ती खाचेत बसवली. पाठ लावली, वायर जोडली. बटण दाबलं.

तुम्हाला वाटेल, झालं. छे! पडदा काळाच! सूनबाईने डोक्याला हात लावला. वेल्डरदादा दारात येऊन उभे. मोठे साहेब तिकडे हसत असणार. तेव्हा मी पुढे झालो, बाह्या सरसावल्या आणि जन्मभराची विद्या पणाला लावून त्याच्या पाठीत अशी एक चापट ठेवून दिली, की पडदा लख्ख! नकाशा आपणहून उघडला, त्यातला जिना गरगर फिरायला लागला, आणि प्रिंटरने वायर नसताना...

कोण? वरून कोण हाक मारतंय? अगं सूनबाई, तू वर कधी गेलीस? आणि मागे डॉक्टरीणबाईसुद्धा? या, या. बघा मंडळी, वळणावर कशा ताठ मानेने उतरताहेत...

"बाबा, साफ खोटं! चापट तुम्ही आदल्या संध्याकाळी मारलीत, तिनेच पट्टी निसटली. खोडरबर फिरवला आणि मशीन पहिल्या बटणाला चालू झालं. आणि तेव्हा तुम्ही होतात कुठे? पलंगाखाली, न हरवलेला स्क्रू शोधत!"