पुशोकचे दात

डॉक्टरांनी सशाचं तोंड उघडून आत दिवा धरला, तेव्हा बुरुल सशाकडे बघतच नव्हती. तिची नजर सुनेवर होती. मीरिम भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. मनात काही नसेल तर हात लपवायचे कशाला, असं बुरुलला वाटलं.

पंधरा दिवस पुशोक खात नव्हता. वाडग्यापाशी यायचा, हुंगायचा आणि मागे सरायचा. हनुवटी सदा ओली. तिचा नवरा सातिबाल्डी अंथरुणाला खिळला तेव्हापासून हा ससा त्याच्या पोटावर झोपायचा. तो गेल्यावर त्याचं म्हणून घरात जिवंत असं एवढंच उरलं होतं. बुरुलने तोकमोक गावच्या शाळेत तीस वर्षं स्वयंपाक केला होता. कोण पोटभर जेवलंय आणि कोण उपाशी, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. आणि सकाळी सकाळी पिंजऱ्यातून वाडगा काढताना मीरिमला तिनं दोनदा पाहिलं होतं. एकदा तर ती काहीतरी चावतही होती.

तिचं ठरलं होतं. डॉक्टर विष म्हणाले, की सैबेरियात कामाला गेलेल्या मुलाला फोन करायचा आणि सुनेला नारीनला, माहेरी धाडायचं. येताना गाडीत तिनं सुनेला ऐकवलंही होतं, की मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढणारी माणसं असतात बाई जगात. मीरिम खिडकीबाहेर बघत राहिली होती.

"विष नाही, आपा," डॉक्टर म्हणाले. "दात आहेत. सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत चावून चावून झिजतात. याचे झिजलेच नाहीत. एक बाजू लांब, एक आखूड, आणि दाढेची धार जिभेत रुतलीय. भूक आहे हो त्याला, पण घास घेतला की जीभ कापते. खायला काय घालता?"

"नान. चहात भिजवून."

हे तिनं जरा ताठ मानेनंच सांगितलं. तिच्या घरात नानाचा चतकोरही कधी कचऱ्यात गेला नव्हता. शेवटी शेवटी सातिबाल्डीलाही तेच लागायचं, आणि त्याच्यातलंच सशाला.

"मायेनंच घातलंत, पण दात त्यानंच वाढले," डॉक्टर म्हणाले. "अधूनमधून कुणीतरी गवत घालत असणार. नाहीतर इतका टिकला नसता."

दात घासून आखूड करायला पुशोकला भूल देऊन आत नेलं. दोघी बाहेर बाकावर बसल्या.

"गवत तू घालायचीस?" बुरुलने विचारलं.

"हो. आमच्याकडे वडील ससे पाळायचे."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू, आपा? नान घालू नका म्हणू? बाबांचा घास होता तो."

बुरुलने कोटाचं टोक उगाच मुठीत धरलं. तरी संशय पुरता गेला नव्हता.

"आणि वाडग्यातून काढलेला? तो कुठं टाकलास?"

"टाकला नाही." मीरिमने मान खाली घातली. "नान कसा टाकणार? त्यानं तोंड लावायच्या आत काढायचे मी. खायचे."

बुरुलला लाज वाटली. इतकी, की डॉक्टर बाहेर येऊन दर दीड महिन्यानं आणावं लागेल म्हणाले, तेव्हा तिला नुसती मान हलवता आली.

घरी आल्यावर पुशोकला गवतावर ठेवून मीरिम नेहमीसारखी चहा ओतायला वळली. बुरुलने तिच्या हातातून किटली घेतली आणि तिला बसायला सांगितलं. आठ वर्षांत या घरात सुनेला कुणी चहा ओतून दिला नव्हता. बुरुलने चहाची वाटी अर्धीच भरली, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून पाहुण्याला देतात तशी. गरम नान मोडून मधला तुकडा मीरिमपुढे ठेवला. कालचा शिळा तुकडा स्वतःच्या वाटीत बुडवला, आणि तो मऊ व्हायची वाट बघत बसली.