शालीवरची पांढरी रेघ

रोशन गेटजवळ इब्राहीमभाईंचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. दुकान पुढं, राहणं मागं. चाळीस वर्षांत त्यांनी गल्लीतली माणसं चेहऱ्यापेक्षा डागांवरनंच जास्त ओळखली. लग्नात कोण रश्श्याच्या पातेल्याला चिकटून उभा राहतो, कोण लपूनछपून कलप लावतो, मधुमेहाच्या पथ्याच्या गप्पा मारणाऱ्या कुणाच्या कोटाच्या खिशात जिलबीचा पाक सापडतो, सगळं ठाऊक. बोलत मात्र नसत. डाग काढायचा आणि गप्प राहायचं, गिऱ्हाईक त्यावरच टिकतं.

एकच डाग त्यांना पुरून उरला होता, आणि तो नेमका त्यांच्याच घरातला.

त्यांच्या बायकोची, महेजबीनची, रेशीम-सुती विणीची किरमिजी हिमरू शाल. शेवटच्या आजारपणात तिनं ती अंगावरून काढलीच नाही. ताप चढायचा, उतरायचा, मानेला दरदरून घाम सुटायचा. ती जाऊन दोन वर्षं झाली. शालीच्या काठाला, मान टेकायची तिथं, पांढरी नागमोडी रेघ मागं राहिली. इब्राहीमभाईंनी शाल पाच वेळा पेट्रोलमधून काढली. रेघ जशीच्या तशी.

"मालकिणीवर गेलीस," ते शालीला म्हणायचे. "ऐकशील तर शप्पथ."

रेघ जात नाही म्हणून ते कुरकुरत, पण खरं पाहता त्यांना त्याचं फारसं दुःखही नव्हतं. त्या घरात भांडायला तेवढंच कुणीतरी उरलं होतं.

पण सोमवारी हैदराबादहून नौशीनचा फोन आला. एकुलती एक लेक, तिकडं दिलेली. नणंदेच्या लग्नात तिला अम्मीची शाल पांघरायची होती.

"अब्बा, जुम्मे को आती मैं. शाल पे वो सफेद लकीर है ना, निकाल के रखो. लोगां देखते."

"निकालता," इब्राहीमभाई म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी शाल काउंटरवर आणून पसरली.

मंगळवारी सुरेखा मॅडम साडी टाकायला आल्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. समोरच्याची चूक दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. काउंटरवर शाल पसरलेली होती, समोरच्या खुर्चीवर नेहमीसारखी कपड्यांची चळत.

"कशाचा डाग?"

"घामाचा, मॅडम. पाच पेट्रोलवॉश झाले. हलत नाय."

"इब्राहीमभाई! चाळीस वर्षं काय केलंत हो? घामाची रेघ म्हणजे मीठ. ते पेट्रोलनं कसं जाईल?"

"हिमरूला पाणी लावायचं नसतं. अब्बांनी शिकवलंय."

"रंग उतरेल म्हणून अब्बा भीत होते, ते बरोबरच होतं. थांबा, दोन ग्लास द्या."

काउंटरवर दुपारची काकडी होती, शेजारी कागदात मीठ. मॅडमनी एका ग्लासात जारचं पाणी घेतलं, दुसऱ्यात पेट्रोल, आणि दोन्हींत चिमूट चिमूट मीठ टाकून ढवळलं. पाण्यातलं दिसेनासं झालं. पेट्रोलमधलं तळाशी बसून राहिलं, कुणी चहा न विचारलेल्या पाहुण्यासारखं.

"पाण्याच्या एका कणात ऑक्सिजन एक, हायड्रोजन दोन. तिघांनी मिळून धरलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजन आपल्याकडं ओढतो. लोभीच आहे तो. म्हणून त्याची बाजू थोडी ऋण, हायड्रोजनची थोडी धन."

"दोघांकडून दोन बाजूंनी ओढलं, तर फिटंफाट व्हायला पायजे."

मॅडमनी त्यांच्याकडं जरा आदरानं पाहिलं. "सरळ रेषेत उभे असते तर झालीच असती. पण कण वाकडा आहे. दोन्ही हायड्रोजन एकाच अंगाला कललेले. त्यामुळं हिशेब कधी मिटतच नाही. पाण्याचा प्रत्येक कण कुणाला तरी धरायला बघतो. दुसरं पाणी भेटलं तर त्याला धरतो, म्हणून थेंब गोल होतो. मीठ भेटलं तर त्याच्या धन कणाला ऑक्सिजनकडून धरतो, ऋण कणाला हायड्रोजनकडून, आणि दोघांना सोडवून घेऊन जातो."

"आन् पेट्रोल?"

"त्यात ओढाताण जवळजवळ सारखी. ना धन, ना ऋण. ते तेलकट डागाशी जमवून घेतं, पण मिठाला धरायला त्याच्याकडं हातच नाही."

"म्हणजे सुखी म्हणायचं."

"सुखी म्हणा. तुमच्यासारखं. दोन वर्षांत ती समोरची खुर्ची कुणाला बसायला दिलीत का?"

इब्राहीमभाईंनी खुर्चीवरची कपड्यांची चळत नीट केली. उचलली नाही.

"मॅडम, ते मीठ... पाणी घेऊन जातं म्हणजे कुठं?"

"कुठं नाही, पाण्यातच असतं. पाणी उन्हात उडालं की मीठ मागं राहतं. बशीत ठेवून बघा, कड उमटेल. फक्त नळाचं पाणी घेऊ नका, त्याच्यात त्याचेच क्षार ढीगभर. मग कड कुणाची, ते कळायचं नाही. बॅटरीत घालायचं पाणी आणा."

त्या आपल्या प्रयोगशाळेतल्यासारखं सांगून गेल्या. इब्राहीमभाई त्याच संध्याकाळी बॅटरीवाल्याकडं गेले.

बुधवारी त्यांनी आधी शालीच्या आतल्या कोपऱ्यावर थेंब टाकून रंग उतरत नाही ना, ते पाहिलं. मग कापसाचा बोळा ओला केला आणि रेघेशी नेऊन तसाच धरला. एकदा त्यांनी तो परतही ठेवला. शेवटी टेकवला. पाच पेट्रोलवॉशना न हललेली रेघ अर्ध्या तासात, काही न बोलता निघून गेली. प्रत्येक बोळा त्यांनी बशीत पिळला. दुसऱ्या बशीत नुसतं बॅटरीचं पाणी घेतलं आणि दोन्ही गच्चीवर उन्हात मांडल्या.

गुरुवारी नुसत्या पाण्याची बशी कोरी निघाली. दुसरीत कड उमटली होती, मळकट पांढरी, उसवलेल्या दोऱ्याएवढी. जीभ लावून बघावी असं त्यांना वाटलं. पण तेवढीच कमी होईल, म्हणून नाही लावली. बशी ओट्यावर ठेवून वर झाकणी घातली.

शुक्रवारी सकाळी नौशीन आली. शाल पांघरून आरशासमोर उभी राहिली.

"अम्मी लगती मैं?"

"लगती," इब्राहीमभाई म्हणाले आणि नमाजला निघाले.

ते मशिदीत असताना नळाला पाणी आलं, तेही तब्बल आठ दिवसांनी. आता या शहरात नळाला पाणी आलं की कुणी हात बांधून बसत नाही. गल्लीभर ड्रम वाजले, मोटारी घुरघुरल्या. नौशीन लग्न होऊन गेली तरी याच गल्लीत वाढलेली. तिनं ओढणी खोचली आणि ड्रम भरले, पडदे भिजवले, एकट्या बापाच्या ओट्यावर जे जे म्हणून होतं ते सगळं घासून काढलं.

इब्राहीमभाई परत आले तेव्हा बशी जाळीत पालथी होती. लख्ख. काठाला एक थेंब लोंबत होता. पडतो पडतो वाटायचं, पण पडत नव्हता.

"क्या हाल कर के रखे थे किचन का!" नौशीन हात पुसत म्हणाली. "पूरा चमका दी मैं."

तिचे हात गार पडले होते, बोटं सुरकुतली होती. इब्राहीमभाईंनी ते हात आपल्या हातांत घेतले.

"अच्छा किया, बेटा."

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली, शाल घेऊन.

शनिवारी सुरेखा मॅडम साडी न्यायला आल्या. "काय, कड उमटली का?"

"उमटली होती."

"होती? मग?"

"काल नळाला पाणी आलं होतं."

मॅडम याच शहरातल्या. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. इब्राहीमभाईंनी साडी बांधून काउंटरवर ठेवली, मग वळून समोरच्या खुर्चीवरची कपड्यांची चळत उचलली.

"बसा, मॅडम," ते म्हणाले. "चहा सांगतो."

मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं. त्यांचं लेक्चर होतं. तरी साडी मांडीवर घेऊन त्या बसल्या.